अधूनमधून येणारे ॲट्रियल फिब्रिलेशन : रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यावी का?

प्रश्न – निवृत्त शिक्षिका, यावल तालुका

माझे वय ६७ वर्षे असून मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे. रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. मधुमेह नाही आणि हृदयविकाराचा झटकाही कधी आलेला नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री छातीत एकदम धडधड सुरू झाली आणि नाडी इतकी वेडीवाकडी लागू लागली की मोजताही येईना. सकाळी जळगावला नेऊन ईसीजी काढला तेव्हा ॲट्रियल फिब्रिलेशन असल्याचे निदान झाले, आणि संध्याकाळपर्यंत ठोके आपोआप पूर्ववत झाले. टू-डी इको तपासणीत हृदयाच्या झडपा चांगल्या असल्याचे दिसले, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्याही ठीक आल्या. त्यानंतर असा त्रास क्वचितच होतो, काही तास राहतो आणि जातो.

डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, कायमची म्हणून लिहून दिली आहे. गोळ्या घरी आणून ठेवल्या आहेत, पण त्या सुरू करण्याचे धाडस होत नाही. माझ्या मोठ्या भावाला लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली ती परत आली नाही, म्हणून धडधड सुरू झाली की आता आपलीही तीच गत होणार या विचाराने रात्रभर झोप लागत नाही. दुसरीकडे माझे दीर रक्त पातळ होण्याची गोळी घेत असताना मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. दोन्ही गोष्टी आमच्या घरात घडलेल्या असल्यामुळे गोळी घेतली तरी भीती आणि न घेतली तरी भीती, अशी माझी अवस्था झाली आहे.

माझे विचारणे असे आहे की, त्रास वर्षातून थोड्याच वेळा होत असेल तर रोज गोळी का घ्यायची? धडधड होईल त्या दिवसांपुरती घेतली तर चालणार नाही का? आणि ॲस्पिरिन घेऊन मधला मार्ग काढता येईल का? मुलगा पुण्याला असतो. त्याने इंटरनेटवर वाचून सांगितले की थोड्या वेळाच्या फिब्रिलेशनला गोळी लागत नाही असे नवे संशोधन आहे. हे खरे आहे का?

उत्तर १ – फिजिशियन, भुसावळ

ताई, तुमचे प्रश्न अगदी योग्य आहेत, आणि असे प्रश्न मनात दाबून गोळ्यांची पाकिटे कपाटात ठेवणारे रुग्ण मी नेहमी पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अंतिम निर्णय तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, कारण मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत.

ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. त्यामुळे डाव्या वरच्या कप्प्याला जोडून असलेल्या एका छोट्या पिशवीसारख्या भागात रक्त साचते आणि तेथे गुठळी धरू शकते. झडपा चांगल्या असलेल्या रुग्णांत अशा गुठळ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुठळ्या याच पिशवीत सापडतात. ती गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की लकवा होतो. आता मुद्दा असा की, ही प्रक्रिया केवळ धडधड जाणवते त्याच काही तासांत घडते असे नाही. फिब्रिलेशनचे कितीतरी झटके रुग्णाला मुळीच जाणवत नाहीत. पेसमेकर बसवलेल्या रुग्णांमध्ये ठोक्यांची अखंड नोंद राहते, आणि त्या नोंदी तपासल्या असता ज्यांना लकवा झाला त्यांच्यापैकी बहुतेकांत त्याआधीच्या महिनाभरात फिब्रिलेशन झालेलेच नव्हते असे आढळले. म्हणजे ज्याच्या हृदयात फिब्रिलेशन होण्याइतका बदल झाला आहे, वय वाढले आहे आणि वर्षानुवर्षे रक्तदाब आहे, त्याच्या शरीरात गुठळी होण्याचा कल एकूणच वाढलेला असतो आणि धडधड ही त्या अवस्थेची केवळ एक खूण असते. धडधड होईल त्या दिवशी गोळी घेण्याची पद्धत म्हणूनच आज कोणतीही प्रमाण मार्गदर्शिका सुचवत नाही. काही रुग्णांत घड्याळाने ठोके मोजून तशी पद्धत वापरता येईल का, याच्या चाचण्या सुरू आहेत, पण त्यांच्या भरवशावर आज तुम्ही राहू नये.

गोळी द्यायची की नाही हे त्रास किती वेळा होतो यावर ठरत नाही, तर तो कोणाला होतो यावर ठरते. त्यासाठी चॅड्स-व्हॅस्क नावाचा गुणांक वापरतात. हृदय निकामी होण्याचा आजार, रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी १ गुण, वय ६५ ते ७४ असल्यास १ आणि ७५ किंवा अधिक असल्यास २, तर पूर्वी लकवा होऊन गेला असल्यास २ गुण असतात. पूर्वी स्त्री असण्याचाही १ गुण धरला जाई. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने तो वगळला. तुमचे वयाचा १ आणि रक्तदाबाचा १ असे २ गुण होतात, जुन्या पद्धतीने ३. दोन्ही पद्धतींत गोळी घ्यावी असाच सल्ला निघतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी अति काळजीपोटी काही लिहून दिले असे मला वाटत नाही.

आता तराजूची दोन पारडी पाहू. तुमच्याइतके गुण असलेल्या १०० व्यक्ती गोळीविना राहिल्या तर वर्षभरात साधारण दोन ते तीन जणांना लकवा होण्याची शक्यता असते, आणि ही शक्यता दरवर्षी नव्याने उभी राहते व वयाबरोबर वाढत जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने ती सुमारे दोनतृतीयांशाने कमी होते. दुसऱ्या पारड्यात रक्तस्राव आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲरिस्टॉटल या चाचणीत १८,२०१ रुग्ण होते. त्यांतील ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांत मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण वर्षाला २.१३ टक्के आणि जुनी वॉरफेरिन गोळी घेणाऱ्यांत ३.०९ टक्के होते. कवटीच्या आतील रक्तस्राव, ज्याची तुम्हाला खरी धास्ती आहे, तो ॲपिक्साबॅनवर वर्षाला ०.३३ टक्के आणि वॉरफेरिनवर ०.८० टक्के होता.

हे आकडे वाचून कोणीही म्हणेल की दोन टक्के लकवा आणि दोन टक्के रक्तस्राव, मग फायदा तो काय? येथे घाई करू नये. मोठ्या रक्तस्रावांपैकी पुष्कळसे पोट आणि आतड्यांतले असतात. ते गंभीर खरेच, रक्तही चढवावे लागते, पण बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होऊन आपल्या पायांनी घरी जातात. फिब्रिलेशनमधून होणारा लकवा मात्र मोठी गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत अडकल्याने होतो, आणि तो इतर कारणांनी होणाऱ्या लकव्यापेक्षा अधिक अपंगत्व आणणारा असतो. शिवाय या वयात गोळी न घेणाऱ्यांतही काही प्रमाणात रक्तस्राव होतच असतो, त्यामुळे तो दोन टक्क्यांचा सगळा आकडा गोळीच्या माथी मारता येत नाही. ॲस्पिरिनच्या तुलनेत हे फार स्पष्ट दिसते. ॲव्हेरोज या चाचणीत वॉरफेरिन देता न येणाऱ्या ५,५९९ रुग्णांपैकी काहींना ॲपिक्साबॅन आणि काहींना ॲस्पिरिन दिले होते. लकवा व शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण ॲपिक्साबॅनवर वर्षाला १.६ टक्के आणि ॲस्पिरिनवर ३.७ टक्के निघाले. मोठा रक्तस्राव मात्र १.४ आणि १.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच. ॲस्पिरिनचा मधला मार्ग निवडला तर तुम्ही रक्तस्रावाची किंमत जवळपास पूर्ण मोजाल आणि संरक्षण मात्र फार थोडे मिळेल. तो मार्ग कृपया सोडून द्या.

तुमच्या मुलाने वाचलेले संशोधन खरे आहे, पण ते वेगळ्या रुग्णांचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या आर्टेशिया चाचणीतील रुग्णांना स्वतःला काही जाणवत नव्हते आणि ईसीजीवरही कधी काही सापडले नव्हते. पेसमेकरसारख्या उपकरणाच्या नोंदीत फक्त ६ मिनिटे ते २४ तासांचे झटके आढळले होते. त्यांत लकवा व शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण ॲपिक्साबॅनवर वर्षाला ०.७८ टक्के आणि ॲस्पिरिनवर १.२४ टक्के होते. फायदा होता, पण मुळातला धोकाच कमी असल्याने आणि रक्तस्राव वाढल्याने अशा रुग्णांत विचार करून निर्णय घ्यावा लागतो. तुमचे निदान ईसीजीवर झालेले आहे आणि त्रास काही तास टिकतो. तो निष्कर्ष तुम्हाला लावता येणार नाही.

एक प्रश्न मला विचारावासा वाटतो. तुमचे दीर नेमकी कोणती गोळी घेत होते, आणि त्यांचा रक्तदाब ताब्यात होता का?

उत्तर २ – धुळ्याचे एक वाचक

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले मी स्वतःच्या उदाहरणाने सांगू शकतो. माझे वय ५४ वर्षे आहे. रक्तदाब नाही, मधुमेह नाही. मला फिब्रिलेशनचा त्रास ताईंपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो, काही महिन्यांत तर दर आठवड्याला होतो, आणि तरीही मला रक्त पातळ करणारी गोळी दिलेली नाही, कारण माझा गुणांक शून्य आहे. मला ठोके आवरण्याची गोळी आहे आणि अब्लेशन, म्हणजे बिघडलेले ठोके सुरू करणारा हृदयातील भाग नळीवाटे निकामी करण्याची प्रक्रिया, करावे का याचा विचार चालू आहे. डॉक्टरांनी मला हेही स्पष्ट सांगितले आहे की उद्या रक्तदाब सुरू झाला किंवा मी ६५ वर्षांचा झालो की हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, मग त्या वेळी धडधड होत असो वा नसो.

भीतीविषयी ताईंना एक सांगावेसे वाटते. मी ठोके दाखवणारे घड्याळ घेतले होते आणि रात्री जाग आली की ते पाहत असे. आकडा थोडा वाढलेला दिसला की घाबरत असे, घाबरल्यामुळे तो आणखी वाढत असे आणि मग पहाटेपर्यंत तेच चाले. आता घड्याळ रात्री काढून ठेवतो. त्रास झाल्यास काय करायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतले आहे : किती वेळ वाट पाहायची, कोणती गोळी घ्यायची, कोणत्या लक्षणांवर लगेच निघायचे. तो कागद घरात सर्वांना माहीत आहे, आणि त्यामुळे रात्रीच्या अंधारात निर्णय घेण्याचे ओझे माझ्यावर राहिलेले नाही.

उत्तर ३ – प्रश्नकर्त्या

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मी आभारी आहे. डॉक्टरसाहेब, दिरांच्या फायली काल काढून पाहिल्या. त्यांना असेनोकुमारॉल, म्हणजे वॉरफेरिनसारखीच जुन्या प्रकारची गोळी, होती, कारण त्यांच्या हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने खराब झाली होती. रक्त किती पातळ झाले आहे हे दाखवणारी आय.एन.आर. तपासणी महिनोन्महिने झालेली नव्हती, आणि गुडघेदुखीसाठी ते गावातून मिळणाऱ्या गोळ्या जवळजवळ रोज घेत असत. रक्तदाबाच्या नोंदीही वाढलेल्याच दिसतात. हे सगळे एकत्र होते हे आम्हाला तेव्हा कोणी समजावून सांगितले नाही.

उत्तर ४ – फिजिशियन, भुसावळ

ताई, तुमच्या दिरांच्या जाण्याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही त्यांची आणि तुमची गोष्ट वेगळी आहे हे तुम्हाला आता दिसले असेल. संधिवाताच्या तापाने झडप आकुंचित झालेली असेल तर आजही वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल याच गोळ्या द्याव्या लागतात. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांना नवी रिव्हरोक्साबॅन देऊन पाहिली, तेव्हा जुनीच गोळी सरस ठरली. मात्र त्या गोळीची मात्रा आय.एन.आर. साधारण २ ते ३ च्या दरम्यान राहील अशी सतत सांभाळावी लागते. ती तपासणी झाली नाही, सोबत डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके चालू राहिली आणि रक्तदाब चढलेला राहिला, की मेंदूतील रक्तस्रावाची शक्यता पुष्कळ वाढते.

तुमच्या बाबतीत रक्तस्रावाचा धोका कमी करणाऱ्या बहुतेक गोष्टी तुमच्याच हातात आहेत, आणि भीती वाटते तेव्हा त्यांच्याकडेच लक्ष द्यावे असे मला वाटते. सर्वांत मोठी गोष्ट रक्तदाब. वरचा आकडा १३० च्या आसपास राहील असे पाहावे. मेंदूतील रक्तस्राव आणि लकवा या दोन्ही भीतींवर हा एकच उपाय लागू पडतो. सांधे दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि काय घातले आहे ते न सांगता दिलेल्या वेदनेच्या पुड्या पूर्ण टाळाव्यात. हिमोग्लोबिन आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन निदान वर्षातून एकदा तपासावे. शौचास काळे डांबरासारखे झाले, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात जावे.

पडण्याच्या भीतीने अनेक घरांत वृद्धांची गोळी बंद केली जाते, त्याविषयीही सांगतो. १९९९ मधील एका प्रसिद्ध गणितानुसार लकव्याचा बऱ्यापैकी धोका असलेली वृद्ध व्यक्ती वर्षात सुमारे २९५ वेळा पडली, तरच वॉरफेरिनचा तोटा फायद्यापेक्षा जास्त होईल. ते गणित आहे, प्रत्यक्ष रुग्ण नव्हेत. पण भीतीचे प्रमाण किती चुकते हे त्यावरून कळते.

आणि ज्या भीतीने तुमची झोप जाते तिच्यासाठी तयारी करून ठेवा. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हाताची किंवा पायाची ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक न समजणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. यावल तालुक्यातून जळगाव किंवा भुसावळला पोहोचण्यात वेळ जातो, म्हणून रात्री सी.टी. स्कॅन आणि लकव्याचे उपचार कोठे होतात हे आजच विचारून ठेवावे. सी.टी. होण्यापूर्वी घरी ॲस्पिरिन देऊ नये, आणि ॲपिक्साबॅनची शेवटची गोळी कधी घेतली हे पोहोचताच सांगावे, कारण त्यावर इंजेक्शन देता येते की नाही हे ठरते. नुसती धडधड, म्हणजे छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर किंवा वरील लक्षणे नसलेली धडधड, ही लकवा येत असल्याची सूचना नव्हे. गोळी नियमित चालू असेल तर त्या रात्री तुमचे संरक्षण आधीच रक्तात असते.

उत्तर ५ – औषधविक्रेता, अमळनेर

डॉक्टरांच्या सल्ल्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. दुकानात जे दिसते तेवढे लिहितो. ॲपिक्साबॅनचा परिणाम शरीरात फार काळ राहत नाही, बारा तासांत तो निम्म्यावर येतो, म्हणून दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि एखादा दिवस चुकला तर संरक्षण तुटते. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, पण दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. आखाजीला किंवा कानबाईच्या रोटांना गावी जाताना लोक कपडे, फराळ सारे नेतात आणि ही गोळी घरी राहते. संपत आल्यावर आणू म्हणून खंड पडणारेही पुष्कळ आहेत. आठवडाभराची गोळी नेहमी शिल्लक असावी. पेटंटची मुदत संपल्यापासून अनेक भारतीय कंपन्या ही गोळी बनवत असल्याने किंमत बरीच उतरली आहे, तेव्हा परवडत नसेल तर बंद करण्याऐवजी स्वस्त कंपनीची लिहून मागावी.

उपवासाबद्दल वारंवार विचारले जाते. ॲपिक्साबॅन जेवणाआधी किंवा नंतर कशीही चालते, त्यामुळे एकादशीला अडचण नाही. रिव्हरोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी मात्र जेवणाबरोबरच घ्यावी लागते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. मेथी, पालक, कांद्याची पात यांचे पथ्य वॉरफेरिन आणि असेनोकुमारॉल घेणाऱ्यांना असते, तेही बंद करण्याचे नव्हे तर प्रमाण सारखे ठेवण्याचे. ॲपिक्साबॅनवर कोणत्याही भाजीचे बंधन नाही. आणखी एक गोष्ट : वजन ६० किलोपेक्षा कमी आहे म्हणून काही जण स्वतःच अडीच मिलिग्रॅमची गोळी मागतात. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच मात्रा कमी करतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवी फारच कमी झाली तर किडनीवर ताण येतो आणि गोळीचा अंश रक्तात वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवावे.

उत्तर ६ – प्रश्नकर्त्या

मुलाशी फोनवर बोलले आणि हे सर्व त्याला वाचून दाखवले. सोमवारी माझ्या डॉक्टरांकडे जाऊन, त्रास झाल्यास काय करायचे ते लिहून घेणार आहे आणि त्याच दिवसापासून गोळी सुरू करणार आहे. एकच अडचण उरली आहे. पुढच्या महिन्यात एक दाढ काढायची ठरली आहे. त्यासाठी गोळी सुरूच करू नये, की सुरू करून आठवडाभर बंद ठेवावी?

उत्तर ७ – फिजिशियन, भुसावळ

दोन्ही नको. दाढेसाठी थांबू नका, आणि आठवडाभर बंद तर मुळीच ठेवू नका, कारण गोळी अचानक बंद केल्याने लकव्याचा धोका वाढतो. एखादी दाढ साधेपणाने काढायची असेल तर सहसा ॲपिक्साबॅन थांबवावी लागत नाही. अवघड असेल तर त्या दिवशीची फक्त सकाळची गोळी वगळतात, आणि ते दातांचे डॉक्टर व तुमचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील. सकाळची, शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीची वेळ घ्या, म्हणजे नंतर रक्त आले तर दवाखाना उघडा असेल. जखमेवर कापसाची घडी घट्ट दाबून धरावी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे, आणि आपण ॲपिक्साबॅन घेतो हे खुर्चीत बसण्यापूर्वीच दातांच्या डॉक्टरांना सांगावे.